कोणती स्पॅनिश खरी? सेव्हियाच्या बंदरापासून चाकणच्या कारखान्यापर्यंत

१/ मेक्सिकोत 'यांता' म्हणजे गाडीचे टायर. स्पेनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ, ज्यावर टायर चढवतात ती धातूची रिम. स्पेनला टायर हवे असेल तर 'नेउमातिको' म्हणावे लागते, व्हेनेझुएलात 'काउचो' आणि पोर्तो रिकोत 'गोमा'. भाषेचे नाव मात्र सर्वत्र एकच, स्पॅनिश. एका भाषेची इतकी रूपे कशी झाली आणि त्यांतले 'खरे' कोणते, याचा इतिहास सांगणारा हा थ्रेड.

२/ वाकडसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. पश्चिमेला लागूनच हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र, आणि पिंपरी-चिंचवड ओलांडले की चाकणचे वाहन कारखाने. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोच्या मोटारसायकली कोलंबिया, मेक्सिको आणि अर्जेंटिनाच्या रस्त्यांवर धावतात. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून व्हेंटो मोटारी मेक्सिकोला गेल्या. त्यामुळे जर्मन आणि जपानीच्या पाठोपाठ स्पॅनिश शिकणारे तरुणही या पट्ट्यात आढळतात.

३/ अशा विद्यार्थ्यासमोर लवकरच एक पेच उभा राहतो. हातातले पुस्तक बहुधा स्पेनची रूपे शिकवते. फोनवर ऐकू येणारा आवाज मात्र बोगोटाचा किंवा ब्युनोस आयर्सचा असतो. उच्चार वेगळा, सर्वनाम वेगळे, वस्तूंची नावेही वेगळी. मग शंका येते की आपण शिकलो ते चूक, की समोरचा बोलतो ते अशुद्ध?

४/ आधी प्रमाण लक्षात घेऊ. आज २० सार्वभौम देशांत स्पॅनिश ही अधिकृत भाषा आहे. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत, तर एकट्या मेक्सिकोची सुमारे १३ कोटी. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या दर दहा माणसांपैकी जेमतेम एक जण स्पेनमध्ये राहतो. ज्याला आपण 'मूळ' म्हणतो ते रूप संख्येने अल्पमतात आहे.

५/ शिवाय स्पेनमध्येही ही भाषा मुळात एका प्रांताची, कास्तियाची. म्हणूनच तिचे दुसरे नाव 'कास्तेयानो'. कातालान, गालिसियन आणि बास्क या तिच्या शेजारणी आजही जिवंत आहेत. १४९२ मध्ये आन्तोनियो दे नेब्रिहा याने कास्तियाच्या भाषेचे व्याकरण छापून राणी इसाबेलला अर्पण केले. भाषा साम्राज्याच्या सोबतीने चालते, हा त्याच्या प्रस्तावनेचा मुख्य विचार. त्याच वर्षी ग्रानादा पडले आणि कोलंबसाची जहाजे पश्चिमेला निघाली.

६/ जहाजांबरोबर जी भाषा गेली तिचे उच्चार समजून घेण्यात मराठी माणसाला एक जन्मजात सोय आहे. आपण 'चोर' आणि 'चार' हे शब्द एकाच अक्षराने लिहितो, पण च दोन प्रकारे उच्चारतो. 'जोर' आणि 'जेवण' यांतील ज सुद्धा वेगवेगळे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये 'चोर'मधल्या च सारखा आणि 'जोर'मधल्या ज सारखा, असे दोन्ही ध्वनी होते. 'चार'मधला च हा तिसरा. आजच्या माद्रिदच्या माणसाला जे दोन ध्वनी अवघड जातील, ते वाकडचे पोर सहज काढील.

७/ पंधराव्या-सोळाव्या शतकांत हे दोन ध्वनी मोडले. 'चोर'चा च आणि 'जोर'चा ज आधी मवाळ होऊन एकमेकांत मिसळले. पुढे दोन वाटा फुटल्या. उत्तरेकडे, कास्तियात, त्यातून जिभेचे टोक दातांमध्ये आणून काढलेला ध्वनी तयार झाला, इंग्रजी 'थिंक'च्या आरंभी ऐकू येतो तसा. दक्षिणेकडे, अंदालुसियातील सेव्हिया शहरात, तो साध्या 'स'मध्ये विरघळला. त्यामुळे आकाशाला माद्रिदमध्ये 'थिएलो' म्हणतात आणि सेव्हियात 'सिएलो'.

८/ इथे एक लोकप्रिय दंतकथा बाजूला सारायला हवी. स्पेनचा कुणी राजा बोबडा होता, दरबाराने त्याची नक्कल केली आणि 'थ' रूढ झाला, असे सांगितले जाते. माद्रिदचा माणूस शिकारीला 'काथा' म्हणतो, पण घराला 'कासा'च म्हणतो. बोबड्याची नक्कल असती तर दोन्हीकडे 'थ' आला असता. ज्या शब्दांत पूर्वी 'चोर'चा च किंवा 'जोर'चा ज होता, तिथेच 'थ' येतो. हा नियमबद्ध ध्वनिबदल आहे. राजाच्या जिभेशी त्याचा संबंध नाही.

९/ मग अमेरिकेत 'स'च का गेला? कारण बंदर. १५०३ मध्ये राणी इसाबेलने सेव्हियात 'कासा दे कोंत्रातासिओन' ही कचेरी स्थापली. अमेरिकेशी होणारा व्यापार, जहाजांची नोंद, प्रवाशांची परवानगी हे सारे तिच्या हाती होते. उत्तरेकडचा माणूसही आधी सेव्हियात येऊन थांबे आणि मग जहाजावर चढे. पहिल्या दशकांत गेलेल्या वसाहतकारांत अंदालुसियाचेच लोक सर्वांत अधिक होते. नव्या वस्त्यांच्या बोलीचा पाया त्यांनी घातला.

१०/ जहाजांचा पुढचा मुक्काम कॅनरी बेटांवर असे. पाणी आणि शिधा भरायला कोलंबसही १४९२ मध्ये तिथल्या ला गोमेरा बेटावर थांबला होता. पुढच्या शतकांत या बेटांवरून अनेक कुटुंबे कॅरिबियनला गेली. दोन्हीकडच्या बोली अजून सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात. बसला कॅनरी बेटांवर 'ग्वाग्वा' म्हणतात. क्युबा, पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातही 'ग्वाग्वा'च.

११/ याचा अर्थ नीट समजून घ्यावा. अमेरिकेतील माणसाने माद्रिदचा 'थ' बिघडवून 'स' केला नाही. तो 'थ' उत्तरेत पक्का होईपर्यंत सतरावे शतक उजाडले. सेव्हियाचा 'स' त्याआधीच जहाजांवर चढला होता. एका आजीच्या या दोन नाती. एकीला दुसरीची बिघडलेली नक्कल म्हणता येत नाही. पुढे व्यवहाराने आपली सोय केली. अमेरिकेत घर आणि शिकार दोन्ही 'कासा' झाल्यावर शिकारीसाठी लोक 'कासेरिया' म्हणू लागले.

१२/ आता सर्वनामे. स्पॅनिश 'तू' आणि मराठी 'तू' यांचे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. आदरासाठी मात्र स्पॅनिशमध्ये पूर्वी 'वोस' होते, आपल्या 'तुम्ही'सारखे मूळचे अनेकवचन. मध्ययुगात ते सरदारांना लावत. हळूहळू ते इतके खाली झिरपले की सोळाव्या शतकात प्रतिष्ठित माणसाला 'वोस' म्हणणे हा त्याचा अपमान ठरू लागला.

१३/ मानाची जागा रिकामी झाल्यावर 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', असे संबोधन पुढे आले. झिजत झिजत त्याचे 'उस्तेद' झाले. मूळ संबोधन कृपेला उद्देशून असल्याने क्रियापद तृतीय पुरुषी राहिले. मराठी माणसाला यात नवल नाही. 'साहेब काय घेणार?' असे साहेबांनाच विचारताना आपणही तेच करतो. 'उस्तेद'चे क्रियापद तृतीय पुरुषी का, हे इंग्रजीतून समजावणे कठीण, मराठीतून सोपे.

१४/ आता प्रश्न असा की जुना 'वोस' गेला कुठे? स्पेनच्या दरबारात तो मावळला. मेक्सिको आणि लिमा ही व्हाइसरॉयची शहरे दरबाराशी जवळून जोडलेली, म्हणून तिथेही जवळच्यांसाठी 'तू' स्थिरावला. कॅरिबियन बेटांवर जहाजांची सतत ये-जा होती, तिथेही तेच झाले. ब्युनोस आयर्स मात्र दूर होते. त्याला स्वतंत्र व्हाइसरॉय १७७६ मध्ये मिळाला. तोवर तिथे 'वोस' मित्रांमधले आपुलकीचे सर्वनाम होऊन बसला होता. मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागातही तो टिकला.

१५/ म्हणून 'तुझ्याकडे आहे' हे माद्रिद आणि मेक्सिकोत 'तू तिएनेस' होते, ब्युनोस आयर्समध्ये 'वोस तेनेस'. बोगोटात तर घरच्या माणसांनाही अनेकदा 'उस्तेद'च म्हणतात, त्यात परकेपणा नसतो. पुस्तकात घोकून घेतले जाणारे 'वोसोत्रोस' (जवळच्यांसाठीचे 'तुम्ही सगळे') बहुतांशी स्पेनपुरते आहे. अमेरिका खंडात मित्र असोत वा अधिकारी, सर्वांना 'उस्तेदेस'. चाकणहून मेक्सिकोशी बोलणाऱ्याला 'वोसोत्रोस'ची रूपे बोलण्याची गरज क्वचितच पडते.

१६/ शब्दसंग्रहातला फरक स्थानिक भाषांनी घडवला. अॅव्होकाडोला मेक्सिकोत 'आग्वाकाते' म्हणतात. हा शब्द अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला. पेरू, चिली, अर्जेंटिनात त्यालाच 'पाल्ता' म्हणतात. तो इंका साम्राज्याच्या केचुआ भाषेतून आला. शेंगांतल्या घेवड्यासारख्या दाण्यांना स्पेनमध्ये 'हुदिया', मेक्सिकोत 'फ्रिहोल', चिलीत 'पोरोतो', व्हेनेझुएलात 'काराओता'. भाजीबाजारात उभे राहिले की कोणत्या भागात कोणती संस्कृती नांदत होती ते कळते.

१७/ या बाजारातली एक वस्तू आपल्या ओळखीची आहे. कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांच्या भाषेत रताळ्याला 'बताता' म्हणत. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला. पुढे अँडीज पर्वतातला केचुआ 'पापा', म्हणजे बटाटा, त्यांना भेटला. स्पेनमध्ये दोन्ही शब्दांची सरमिसळ होऊन 'पताता' झाला; अमेरिकेत आणि कॅनरी बेटांवर 'पापा' तसाच राहिला. पोर्तुगीजांनी 'बताता' पूर्वेकडे आणला आणि आपल्याकडे तो बटाटा झाला. बटाटेवड्याच्या नावात ताइनो शब्द सुरक्षित आहे. स्पेनच्या 'पताता'त तो अर्धाच उरला.

१८/ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला, थेट स्पॅनिशांकडून नाही. यामागेही इतिहास आहे. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच माथ्यावर राहिले. म्हणजे गोवा, चौल आणि वसईवर ६० वर्षे स्पेनच्याच राजाची सत्ता होती. १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा किल्ला घेतला गेला तोही याच काळात.

१९/ तरी कोकणात स्पॅनिश रुजली नाही. १५८१ मध्ये तोमार येथे फिलिपने पोर्तुगीजांना वचन दिले होते की त्यांचा कारभार त्यांच्याच माणसांच्या हाती आणि त्यांच्याच भाषेत राहील. नेब्रिहाला वाटले तसे भाषा साम्राज्याच्या मागे आपोआप जात नाही. ती माणसांबरोबर जाते. सेव्हियाहून मेक्सिकोला कुटुंबे गेली, चौल-वसईला गेली नाहीत.

२०/ एकोणिसाव्या शतकात साम्राज्य कोसळले. १८१० ते १८२५ या काळात अमेरिका खंडातील बहुतेक वसाहती स्वतंत्र झाल्या. आता विचारवंतांना वेगळी भीती वाटू लागली. रोम पडल्यावर लॅटिन फुटून अनेक भाषा झाल्या, तसेच स्पॅनिशचे झाले तर? व्हेनेझुएलात जन्मलेले आणि चिलीत स्थायिक झालेले आन्द्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये सांतियागोत व्याकरण प्रसिद्ध केले. ते मुद्दाम अमेरिकेतील लोकांच्या उपयोगासाठी लिहिलेले होते.

२१/ बेयोंची भूमिका दुहेरी होती. सुशिक्षितांच्या वापरात असेल तर चिली वा व्हेनेझुएलाच्या वैशिष्ट्यांना स्पेनच्या प्रांतांइतकाच अधिकार आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. मात्र 'वोस' त्यांना गावंढळ वाटे. चिलीच्या शाळांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली. परिणाम विचित्र झाला. चिलीच्या बोलीत सर्वनाम बरेचसे 'तू' झाले, पण क्रियापदाचे शेपूट जुन्या 'वोस'चे राहिले. शाळा शब्द बदलू शकली, सवय पूर्ण मोडू शकली नाही.

२२/ शेजारच्या अर्जेंटिनात उलटे घडले. तिथेही पंतोजींनी 'वोस'ला नावे ठेवली, परंतु लोकांनी तो सोडला नाही. अखेर १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने 'वोस' हा सुसंस्कृत भाषेचा भाग असल्याचे मान्य केले. तोच शब्द अँडीजच्या एका बाजूला अशुद्ध आणि दुसऱ्या बाजूला प्रमाण ठरला. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्हीकडे फरक काहीच नव्हता. फरक होता तो प्रतिष्ठेचा.

२३/ माद्रिदची राजेशाही अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली, आणि दीर्घकाळ 'शुद्ध' काय हे तीच सांगत असे. १९५१ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या परिषदेतून सर्व देशांच्या अकादमींची संघटना उभी राहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले नवे व्याकरण या सर्वांनी मिळून केले. आता एक केंद्र नाही, अनेक केंद्रे आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेली 'सिएले' ही परीक्षाही इन्स्तितुतो सेर्वांतेससोबत मेक्सिको, सालामांका आणि ब्युनोस आयर्सच्या विद्यापीठांनी मिळून घडवली.

२४/ मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. बेयोंच्या व्याकरणाआधी ११ वर्षे, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले. त्याआधी १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात कोकणी वापराच्या शब्दांना वेगळी खूण आहे. पुढे सरकारी भाषांतरकार मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली पाठ्यपुस्तके तयार झाली, आणि पुण्याकडची शिष्ट बोली शाळेतली मराठी ठरली.

२५/ पुण्याची बोली निवडली गेली, कारण सत्तेची जुनी राजधानी, शास्त्रीमंडळी आणि कचेऱ्या इथे होत्या. सेव्हियाला बंदर होते म्हणून 'स' जगभर गेला, पुण्याला कचेऱ्या होत्या म्हणून 'मला' प्रमाण झाले. वऱ्हाडातले 'मले', मालवणीतले 'माका', अहिराणीतले 'माले' ही 'मला'ची मोडतोड नव्हे. त्यांना आपापला स्वतंत्र प्रवास आहे. छापखाना त्यांच्या वाट्याला उशिरा आला, इतकेच.

२६/ आज वाकडच्या एकाच गृहसंकुलात मावळ-मुळशीची, खानदेशची, विदर्भाची, मराठवाड्याची मराठी नांदते. अकोल्याहून आलेला तरुण कार्यालयात 'मले' गिळून 'मला' म्हणायला शिकतो. तोच तरुण संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गात बसून अर्जेंटिनाचा उच्चार 'चुकीचा' ठरवतो, तेव्हा ज्या निकषाने त्याच्या आजीची भाषा हिणवली गेली तोच निकष तो पुढे चालवत असतो. इतिहास माहीत असेल तर हे टाळता येते.

२७/ ज्यांना कामासाठी ही भाषा हवी, त्यांच्यासाठी व्यवहाराचे थोडे. मोटारीला स्पेन आणि मेक्सिकोत 'कोचे', कोलंबियात 'कारो', अर्जेंटिना आणि चिलीत 'आउतो'. डिकीला स्पेनमध्ये 'मालेतेरो', मेक्सिकोत 'काहुएला', अर्जेंटिनात 'बाउल'. बसला मेक्सिकोत 'कामिओन' म्हणतात, इतरत्र त्याचा अर्थ ट्रक. पेरूमध्ये बजाजच्या तीनचाकीला 'तोरितो' म्हणजे छोटा बैल म्हणतात. ग्वातेमालात अशाच वाहनाला 'तुक-तुक'.

२८/ उच्चाराची एक गंमत. 'यांता'तला 'य' ब्युनोस आयर्समध्ये 'श'कडे झुकतो, म्हणून तोच शब्द तिथे 'शांता'सारखा ऐकू येतो, आणि अर्थ स्पेनप्रमाणे रिम. 'यो', म्हणजे 'मी', तिथे 'शो' होते. हे ठाऊक नसेल तर चांगला अभ्यास झालेला विद्यार्थीही गडबडतो. ठाऊक असेल तर दोन मिनिटांत कान जुळतो.

२९/ मग शिकावी कोणती? बोलण्यासाठी एकच निवडावी, ज्या देशाशी काम आहे तिची, आणि तिच्याशी सुसंगत राहावे. ऐकण्यासाठी मात्र सगळ्या ओळखीच्या करून घ्याव्यात. 'देले' परीक्षेतही स्पेनचाच उच्चार असावा अशी अट नसते. प्रतिष्ठित असे कोणतेही प्रादेशिक रूप सुसंगतपणे वापरले तर ते ग्राह्य धरले जाते. टायरची मागणी लिहिताना मात्र देश आधी विचारावा. 'यांता' लिहून मेक्सिकोचा माणूस टायर मागेल, स्पेनचा रिम.

३०/ 'खरी स्पॅनिश कोणती?' या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर एका शहराचे नाव सांगून संपत नाही. कोणते जहाज कुठून निघाले, कोणते शहर दरबारापासून किती दूर होते, कुठल्या बाजारात कुठली जुनी भाषा बोलली जात होती, यांनी ही रूपे घडवली. आता तुमच्याकडचे सांगा. 'मला', 'मले', 'माका', 'माले' यांपैकी तुमच्या घरात काय म्हणतात, आणि शाळेत त्यावरून कुणी टोकले होते का? उत्तरात गावाचे नाव जरूर लिहा.